घडीच्या चाकूचं पातं मिटताना मुठीला घासतंय, काय करावं?

संत्र्याची फोड | ९ जुलै, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण तीन आठवडे डोक्यात भुणभुणतोय.

बाबांचा डोळे बांधायचा चाकू माझ्याकडे आहे. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. संत्र्याचं कलम करताना जंबेरीच्या खुंटावर इंग्रजी टी-सारखी चीर देतात, साल थोडी उचलतात आणि आत संत्र्याचा डोळा सरकवून पट्टीने बांधतात. त्यासाठीचा हा घडीचा चाकू. पातं करंगळीपेक्षा थोडं लांब, धार एकाच बाजूने, आणि मुठीच्या दुसऱ्या टोकाला साल उचलायची पितळी जीभ. काटोलकडच्या आमच्या बागेतली निम्मी झाडं याच चाकूने बांधलेली आहेत. आता बाबा तयार कलमं आणतात, त्यामुळे चाकू नागपुरात माझ्या स्वयंपाकघरातल्या खणात आला. लिंबं, पार्सलच्या दोऱ्या, पोरीच्या प्रोजेक्टचा पुठ्ठा, सगळं त्यानेच कापते.

पाऊस सुरू झाल्यापासून चाकू मिटताना शेवटी शेवटी खर्रर्र आवाज येतो आणि पातं डाव्या बाजूला आत घासतं. पात्यावर मधोमध दोनेक सेंटिमीटरचा ओरखडाही पडलाय. मूठ लाकडी आहे, आत धातूच्या पट्ट्या, सगळं रिव्हेटने ठोकलेलं. स्क्रू एकही नाही. गेल्या महिन्यात सायकलवर धार लावणाऱ्याकडून धार लावून घेतली होती. त्याने काही केलं असेल का?

इतवारीत दोन दुकानांत दाखवला. एक म्हणाले, "फेका जी, नवा घ्या." दुसऱ्यांनी चाकूकडे बघितलंसुद्धा नाही.

तर्रीपोहे | ९ जुलै, रात्री १०:४१

ताई, चाकूचं सोडा, आधी हे सांगा की त्याच चाकूने लिंबू कापून त्याच लिंबाचं सरबत पाहुण्यांना देता का? 😄 बाकी मला यातलं ओ का ठो कळत नाही, पण धागा वाचून राहिलो.

झटपट | ९ जुलै, रात्री ११:०५

सोपं आहे. पातं उजवीकडे थोडं वाकवा. व्हाइसमध्ये धरून दोन मिनिटांचं काम. माझ्या चाकूचं असंच केलं होतं.

लेथवाला | १० जुलै, सकाळी ६:१५

ताई, वाकवू नका. आधी वाकवायचं आणि मग कारण शोधायचं, असं नसते. पात्याला पाणी दिलेलं असते, म्हणजे तापवून, बुडवून कडक केलेलं. पाणी दिलेलं पोलाद थोडं झुकते, मग परत जागेवर येते, आणि आणखी जोर केला की काचेसारखं तुटते. तुमचं पातं बारीक आहे, तुकडा डोळ्यात गेला तर? झटपटभाऊंचा चाकू वाकला याचा अर्थ तो कच्च्या पोलादाचा होता, एवढाच.

मी टूल रूममध्ये ३१ वर्षं काढली, हिंगणा एमआयडीसीत. घासते म्हटलं की पहिला प्रश्न एकच, कुठं घासते? तुम्ही "डाव्या बाजूला आत" म्हणता, त्यानं भागत नाही.

असं करा.

पहिले धारेवर दोन पदर इन्सुलेशन टेप लावा. या चाकूला लॉक नाही, फक्त पाठीतल्या स्प्रिंगवर उघडा राहते, बोटावर कधी मिटल सांगता येत नाही. मग पात्याच्या दोन्ही अंगांना मार्कर पेनची काळी शाई फासा. वाळू द्या. चाकू चार-पाच वेळा सावकाश उघडझाप करा. जिथून शाई निघाली तिथं घासते. फोटो टाका.

आणि पातं उघडं असताना चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवून पाहा. खुळखुळते का? मंग बोलू.

गडवाट | १० जुलै, सकाळी ९:३०

मी पुण्याचा, ट्रेकवाला. माझ्याकडे ओपिनेल ८ नंबरचा आहे, फ्रान्सच्या सावोई भागातला. पावसाळ्यात त्याचं दर वर्षी हेच होतं. मूठ बीच लाकडाची, एकसंध, मध्ये फक्त खाच कापलेली. हवेतली ओल प्यायली की लाकूड फुगतं आणि पातं खाचेत रुतून बसतं. जुलैत राजगडावर एकदा कांदा कापायला घेतला तर उघडेच ना, सोबत्याच्या चमच्याने उचकटला.

त्यावर सावोईच्या शेतकऱ्यांची युक्ती अशी की मुठीचं मागचं टोक दगडावर टक्कन आपटायचं, पातं आपोआप थोडं बाहेर येतं. घरी आल्यावर मी दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवतो, मग खाचेत पॉलिश पेपर फिरवतो आणि लाकडाला जवसाचं तेल पाजतो.

तुमचंही पावसातच सुरू झालंय ना? लाकूडच असणार. +१ माझं मला.

लेथवाला | १० जुलै, सकाळी १०:०२

गडवाट, ओपिनेलमध्ये पातं थेट लाकडाला लागते. ताईच्या चाकूत लाकूड आणि पात्याच्या मध्ये धातूची पट्टी आहे. लाकूड फुगलं तरी पट्टीच्या बाहेर फुगल, आत यायचं त्याला सोपं नाही. कारण दुसरं असू शकते. पण पावसाचा मुद्दा बरोबर पकडला, तो मी ध्यानात ठेवतो.

जवसाचं तेल लाकडाला उत्तम. सांध्यात मात्र एक थेंबही नको. ते हवेत वाळते, आणि वाळलं की डिंकासारखं होते. सांध्यात शिलाई मशीनचं तेल. आणि जवसाच्या तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ते वाळताना आतून तापते. आपल्या मे महिन्यात बोळा आपोआप पेटलेला मी डोळ्यानं पाहिला आहे.

काळा कोट | १० जुलै, दुपारी १:१५

थोडं अवांतर. हा धागा वाचून कोणी विचारेल म्हणून सांगतो. शस्त्र नियमांच्या अनुसूचीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची शस्त्रं येतात, आणि घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक वा औद्योगिक कामासाठी बनवलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. डोळे बांधायचा चाकू शेतीचं अवजार. फक्त विमानात हातातल्या बॅगेत नेऊ नका.

तर्रीपोहे | १० जुलै, दुपारी १:२२

वकीलसाहेब, फी किती झाली?

संत्र्याची फोड | ११ जुलै, रात्री ९:५०

कबुली द्यायची आहे. लेथवाला काका, रागावू नका.

काल शेजारच्या काकांना चाकू दाखवला. ते म्हणाले, सांध्याचा रिव्हेट ढिला झालाय, दोन टोले दिले की पातं मधोमध येईल. मलाही ते पटलं, कारण पातं खरंच किंचित हलत होतं. त्यांच्या अंगणातल्या फरशीवर ठेवून हातोडीने ठोकलं. एकदा, दोनदा, आणि मग "अजून एक" म्हणून तिसऱ्यांदा.

आता पातं हलत नाही. उघडतही नाही. नखाची खाच आहे तिथे जोर लावला तर माझं नखच तुटलं. शेवटी कापडात धरून उघडला. आणि मिटवताना घासणं आहे तसंच आहे. म्हणजे एक दुखणं होतं, आता दोन झाली.

शाईची परीक्षा मात्र केली. शाई फक्त डाव्या अंगाला, मध्यावर निघाली. टोकाला नाही, सांध्याजवळही नाही.

लेथवाला | १२ जुलै, सकाळी ५:५५

रागावत नाही. पण फरशीवर? बाप्पा!

रिव्हेट ठोकणं चूक नाही. त्याचीही रीत आहे. खाली पक्की ऐरण पाहिजे, ती नसल तर रेल्वे रुळाचा तुकडा. हातोडी छोटी, गोल डोक्याची. टोला रिव्हेटच्या मध्यावर नाही, कडेनं गोल फिरवत, टुकटुक टुकटुक. आणि ठोकण्याआधी पात्याचा बुड आणि पट्टीच्या मध्ये एक पातळ पत्रा सरकवून ठेवायचा, खाचा पाडलेला, यू आकाराचा. कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा चालते, अंदाजे ०.१ मिमी असते. ठोकून झालं की पत्रा ओढून काढायचा. तेवढी जागा पात्याला फिरायला राहते. तुम्ही पत्रा न घालता ठोकलं, म्हणून आवळून बसलं.

उपाय आहे. सांध्यात पितळेची भांडी घासायचं ब्रासो दोन-तीन थेंब सोडा. शंभर वेळा उघडझाप करा, मोजून. टेप धारेवर असू द्या. काळं पाणी निघल, तो झिजलेला धातू. मग रॉकेल नाहीतर पेट्रोलच्या बोळ्यानं धुवा, सुकवा, शिलाई मशीनचं तेल. ब्रासो आत राहिलं तर झिजवतच राहील, म्हणून धुणं महत्त्वाचं.

आता घासण्याचं. तुमच्या शाईनं मोठं काम केलं. पाहा:

रिव्हेट ढिला असता तर पातं लोळलं असतं आणि टोकापाशी घासलं असतं, कारण सांध्यात केसभर फरक पडला की टोकाला तो वाढून दिसते. पातं वाकलं असतं तरी टोक नाहीतर बाकाचा फुगवटा लागला असता. धारवाल्यानं धारेवर गोळी, म्हणजे बारीक काटा सोडला असता तर धारेच्या कडेनं लांबवर रेघ उमटली असती. तुमचं फक्त मध्यात लागते. मला पात्यापेक्षा पट्टीचा संशय येऊन राहिला आहे.

हस्तिदंती | १२ जुलै, सकाळी ११:४०

मी जुने घडीचे चाकू जमवतो, म्हणून एक भर घालतो. दोन-तीन पात्यांच्या जुन्या चाकूंमध्ये पाती मुद्दाम वाकवलेली असतात. एकाच खाचेत शेजारी शेजारी मिटायची म्हणजे एकमेकांना चुकवायला हवं ना. शेफिल्डचे कारागीर याला क्रिंकिंग म्हणायचे. पण ते वाकवणं धारेच्या भागात नाही, अगदी बुडाशी, जिथे पोलाद मऊ ठेवलेलं असतं. त्यामुळे झटपटरावांचा सल्ला पूर्ण चुकीचा नाही, जागा चुकीची आहे.

शिवाय फोडताई, तुमचं पातं एका अंगाने धारेचं आहे. तसं पातं मिटल्यावर धार कधीच खाचेच्या मध्यावर दिसत नाही, सपाट अंगाकडे सरकलेली दिसते. ते बघून "पातं वाकडं आहे" असं वाटू शकतं. मधोमध आहे की नाही ते पाठीवरून ठरवा.

झटपट | १२ जुलै, दुपारी १२:०३

धन्यवाद, निदान अर्धी इज्जत वाचली.

लेथवाला | १२ जुलै, दुपारी २:३०

हस्तिदंती बरोबर बोलले, माझ्या लक्षातून गेलं होतं.

ताई, आता मोजमाप. फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, घरात नसल, तर प्रिंटरचा कागद घ्या. साधा ७५-८० जीएसएमचा एक कागद जवळपास ०.१ मिमी जाड असते. चाकू मिटा. वर जी दिसते ती पात्याची पाठ. पाठ आणि पट्टीच्या फटीत कागदाच्या पट्ट्या एकावर एक ठेवून सरकवा. डाव्या फटीत किती जातात, उजवीत किती. हे तीन जागी करा: सांध्याजवळ, मध्ये, टोकाशी.

दुसरं, पातं उघडून त्याचा सपाट अंग काचेवर ठेवा, खालून उजेड दिसते का पाहा.

तिसरं, फ्रिजवरचं लोहचुंबक काढा आणि आतल्या पट्टीला लावा.

संत्र्याची फोड | १३ जुलै, रात्री ११:१५

ब्रासो जिंकलं! शंभर नाही, दीडशे वेळा केलं. पोरगी मोजत होती. शाईसारखं काळं पाणी निघालं. आता नखाने उघडतोय, आणि मिटताना "टक" होतो. (घासून टक. पण टक.)

मोजमाप, सगळं पाठीपाशी:

सांध्याजवळ डावीकडे १ कागद, उजवीकडे १.
मध्यात डावीकडे शून्य, एकही जात नाही. उजवीकडे ४.
टोकाशी डावीकडे ३, उजवीकडे ४.

काचेवर पातं सरळ बसलं. माझ्या डोळ्याला तरी कुठे उजेड दिसला नाही.

चुंबकाची गंमत झाली. पट्टी आतून तांबूस दिसते, म्हणून मी पितळच समजत होते. चुंबक लावलं तर खट्कन चिकटलं! नीट बघायला मोबाईलचा टॉर्च लावला. आत बराचसा भाग काळपट-गंजका आहे आणि मध्ये मध्ये तांब्यासारखे लालसर डाग आहेत. सुईने खरवडलं तर खाली चकचकीत लाल आणि त्याखाली करडं. हे काय प्रकरण आहे?

बाहेरून बघितलं तर डाव्या बाजूला लाकूड आणि पट्टीच्या मध्ये एक बारीक काळी रेघ दिसते. मुठीच्या मध्यावरच, दोन रिव्हेटच्या मधल्या भागात. तिथे बोट फिरवलं की लाकूड जरासं उंच लागतं. उजव्या बाजूला असं नाही.

लेथवाला | १४ जुलै, सकाळी ६:०५

सापडलं.

पट्टी लोखंडी आहे. लाकूड आणि पट्टीच्या मध्ये गंज चढला. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा खाते. म्हणून तर जुन्या स्लॅबमधली सळई गंजली की वरचं सिमेंट पडते. दोन रिव्हेटच्या जागी लाकूड-पट्टी आवळलेली आहे, तिथं हलायला वाव नाही. मध्ये वाव आहे. मध्ये गंजानं लाकूड बाहेर ढकललं आणि पट्टी आत. पोटात आलेली ती पट्टी पात्याला लागून राहिली. पाऊस लागला, गंजानं ओल धरली, तेवढ्यानं शेवटचा केस भरला.

म्हणजे पातं निर्दोष, रिव्हेट निर्दोष, धारवाला निर्दोष. व्हाइसमध्ये वाकवलं असतं तर चांगलं पातं गेलं असतं.

आता काम. घाई नको, दोन-तीन संध्याकाळी घ्या.

पहिले दिवस-दोन दिवस चाकू कोरड्या जागी. टीव्हीच्या सेट टॉप बॉक्सवर ठेवा, तिथं कोमट असते. उन्हात नको, लाकूड तडकल.

मग त्या काळ्या रेघेत सुईच्या टोकानं रॉकेलचा थेंब सोडा. बाटली उपडी करू नका, लाकूड पिऊन टाकल. अर्धा तास थांबा. जुन्या दाढीच्या ब्लेडनं, एका अंगाला टेप लावून, रेघेतून गंज उकरा. भुकटी निघल. परत थेंब, परत उकरा. भुकटी येणं थांबलं की पुढं.

पातं पूर्ण उघडा. खाचेत, फुगलेल्या जागी, आईस्क्रीमच्या दोन काड्या घाला. टोकं निसण्यावर घासून पाचर करा, आणि समोरासमोरून घाला, एक इकडून, एक तिकडून. दोन्ही दाबल्या की मधली जाडी सावकाश वाढते. त्यानं पट्टी बाहेर ढकलल्या जाते. लोखंडाची पाचर घालू नका, दुसऱ्या पट्टीत खड्डा पडल.

काड्या आत असतानाच बाहेरून छोट्या सी-क्लॅम्पनं लाकूड दाबा. लाकडावर चामड्याचा नाहीतर जुन्या चपलेचा तुकडा ठेवा. म्हणजे लाकूड आत, पट्टी बाहेर, दोन्ही एकमेकांना भेटल. रात्रभर तसंच.

तांब्याचं मला सांगता येत नाही. लोखंडावर तांब्याचा मुलामा कोणी आतून कायले चढवल? मी अशी पट्टी पाहिली नाही.

गडवाट | १४ जुलै, सकाळी ८:४५

काका, आपण पुण्यात एखादी कार्यशाळा घ्याल का? मनापासून विचारतोय.

कोराडीकर | १४ जुलै, सकाळी १०:२०

याच धाग्यात माझंही विचारून घेतो. माझा नव्या धाटणीचा स्क्रूवाला चाकू आहे, पातं उजवीकडे झुकतं. उपाय असाच का?

हस्तिदंती | १४ जुलै, सकाळी १०:५५

कोराडीकर, तुमचं फार सोपं. बहुतेकदा टी ६ किंवा टी ८ टॉर्क्सचा (चांदणीसारख्या टोकाचा) पेचकस लागतो. आधी मुठीचे सगळे स्क्रू थोडे ढिले करा. सांध्याचा स्क्रू पातं मधोमध येईल असा घट्ट करा. मग मुठीचे स्क्रू आलटून पालटून आवळा, एकच पूर्ण आवळून दुसऱ्याकडे जाऊ नका. तरी झुकत असेल तर खोलून आतल्या फॉस्फर ब्रॉन्झच्या दोन वायसरांची अदलाबदल करून बघा. एक जास्त झिजलेली असते. शेवटी सांध्याच्या स्क्रूला निळं लॉकटाइट (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद), एकच टिपूस. लाल लावलं तर तो स्क्रू तापवल्याशिवाय सुटणार नाही.

संत्र्याची फोड | १७ जुलै, रात्री १०:३०

अहवाल.

गंज किती निघावा? चहाचा चमचा अर्धा भरला असता. रेघेतून तपकिरी पीठ येत होतं, वासही जुन्या कुलपासारखा. तीन संध्याकाळी तेच केलं. तिसऱ्या दिवशी ब्लेड रेघेत खोल गेलं आणि पलीकडे रिव्हेटला लागलं, तेव्हा थांबले.

काड्यांची पाचर काल रात्री घातली. सी-क्लॅम्प पोरीच्या शाळेच्या क्राफ्टच्या पेटीतला. दाबताना एकदा "चर्र" असा बारीक आवाज आला, माझा जीव गेला. लाकूड तडकलं वाटलं. तसं नव्हतं, पट्टी सरकली होती. आज सकाळी काड्या काढल्या.

चाकू मिटला. आवाज नाही! परत मिटला. नाही! मी नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवलं. ते म्हणाले, "चांगलं आहे, आता झोपू दे."

कागद: मध्यात डावीकडे आता २ जातात, उजवीकडे ४ आहेतच. म्हणजे अगदी मधोमध नाही. परत पाचर घालून तेही जमवू का?

लेथवाला | १८ जुलै, सकाळी ६:००

अजिबात नको. दोन कागद म्हणजे ०.२ मिमी. पात्याला जायला रस्ता आहे, झालं. तुम्हाला चाकू वापरायचा आहे का प्रदर्शनात ठेवायचा आहे? पट्टी पुन्हा पुन्हा वाकवली की थकते, मग रिव्हेटपाशी चिरते.

राहिलं एवढंच. आईस्क्रीमच्या काडीला बारीक पॉलिश पेपर गुंडाळून पट्टी आतून घासा, गंज जाईस्तोवर. तेलाचा हात फिरवा. बाहेरच्या रेघेत दोन ट्यूबवालं अराल्डाइट कालवून टाचणीनं भरा, सांडलेलं लगेच पुसा. पाणी पुन्हा जायचं नाही. मग लाकडाला जवसाचं तेल, गडवाट म्हणतात तसं. सांध्याला नाही.

तर्रीपोहे | १८ जुलै, सकाळी ९:१२

मला यातलं ओ का ठो कळत नव्हतं, आता ओ कळून राहिला आहे. घरातली कात्री घेऊन बसलो आहे काल रात्रीपासून. बायको विचारते, पोहे कोण करणार?

संत्र्याची फोड | २७ जुलै, रात्री ९:४०

धागा वर आणते, कारण तांब्याचं कोडं सुटलं.

बाबा डोळ्यांच्या तपासणीसाठी नागपूरला आले होते. जेवण झाल्यावर मी चाकू त्यांच्या हातात दिला. त्यांनी उघडला, मिटला, कानाजवळ नेऊन पुन्हा मिटला. मग अंगठा आपोआप मुठीच्या डाव्या अंगावर गेला, मध्यावर, आणि दाबला. मी विचारलं, "तिथं कायले दाबता?" तर म्हणाले, "दाबल्याशिवाय मिटते का तो? पहिलेपासून घासे." म्हणजे पाऊस फक्त निमित्त. कितीतरी वर्षं बाबांच्या अंगठ्याने ते सांभाळलं होतं आणि मला पत्ताच नव्हता.

मग मी आतले लाल डाग दाखवले. बाबा हसायलाच लागले. म्हणाले, "मोरचुदाचे आहेत ते. बोर्डो पाहाले हाच चाकू बुडवत होतो ना मी."

रसायनी | २७ जुलै, रात्री १०:१५

बरेच दिवस नुसती वाचत होते, आता बोलायलाच हवं. शाळेत रसायन शिकवते.

बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट, तांब्याचा क्षार) आणि चुना. १ टक्क्याचं करायचं तर १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. डिंक्यासाठी, म्हणजे खोडातून डिंक गळण्याच्या रोगासाठी, संत्र्याच्या बागेत हे घरोघरी चालतं. चुना कमी पडला किंवा जुना असला तर द्रावणात मोकळं तांबं उरतं आणि पानं करपतात. ते ओळखायची सोपी परीक्षा म्हणजे स्वच्छ लोखंड द्रावणात बुडवायचं. खिळा, विळा, चाकू, काहीही. लोखंडावर लालसर थर चढला तर तांबं मोकळं आहे, चुन्याची निवळी अजून घालायची. थर चढला नाही तर फवारायला हरकत नाही.

थर चढतो तेव्हा होतं असं की लोखंड विरघळून द्रावणात जातं आणि त्याच्या जागी तांबं बसतं. म्हणजे बाबांनी जितक्या वेळा परीक्षा केली तितक्या वेळा पट्टीचं थोडं लोखंड गेलं. त्यात लोखंडाला तांबं चिकटून राहिलं आणि ओल मिळाली की लोखंड आणखी लवकर गंजतं. काका, तुमच्या पट्टीला गंज तिथूनच लागला असणार.

लेथवाला | २८ जुलै, सकाळी ६:१०

३१ वर्षांत हे कोणी सांगितलं नव्हतं. बाबांना माझा नमस्कार सांगा.

पण ताई, ओला चाकू मिटून खिशात टाकत होते का ते विचारा. बुडवण्यापेक्षा ते वाईट. आणि पुढच्या वेळी खिळा वापरायला सांगा, दोन रुपयांचा येते.

संत्र्याची फोड | २८ जुलै, रात्री ८:५०

विचारलं. धोतराला पुसून खिशात टाकायचे म्हणे.

खिळ्याचंही सांगितलं. बाबा म्हणाले, "खिळा कुठं हरपते ते समजत नाही. चाकू हरपत नाही." आणि चाकू खिशात टाकून आज संध्याकाळच्या एसटीने काटोलला निघून गेले. मी चार इंची खिळ्याला सुतळी बांधून त्यांच्या पिशवीत टाकलाय, फवारणीच्या ड्रमच्या कडीला बांधायला. बांधला का, ते आता शनिवारी फोनवर विचारीन.

लिंबं सध्या सुरीने कापतेय.